बुर्माकान आणि तोरावरचा बल्ब

माझी धाकटी जाऊ बुर्माकान लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्या निम्म्या कपड्यांना भोकं होती. गरिबीची नव्हेत, तेजाबाची. माहेरच्या कोलखोजच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या, गॅरेजात ती ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या सांभाळायची. बॅटरी चार्जिंगला लावायची, तिच्यात पाणी घालायचं, तेजाब कितपत जोराचं आहे ते काचेच्या नळीत ओढून बघायचं, हेच तिचं काम. रुखवतात गाद्या-रजया आल्या त्या आल्याच, वर एक पक्कड, तारांचं एक भेंडोळं आणि दोन तारा जोडलेला एक छोटा बल्बही आला. तो तिचा तपासणीचा बल्ब. तो अॅप्रनच्या खिशात घेऊनच ती आमच्या घरात वावरायची. मी थोरली जाऊ, तेव्हा नाक मुरडणं माझं कामच होतं आणि मी ते नीट केलं.

कोणत्याही गोष्टीवर तिचा सहजासहजी विश्वास बसायचा नाही. माझा दीर सागिन तिला मागणी घालायला गेला तेव्हा तिनं म्हणे त्याला गॅरेजात नेऊन ट्रकची बॅटरी उचलायला लावली. त्यानं उचलली, म्हणून हिनं होकार दिला. माझी जाड भाकरी आतपर्यंत भाजली गेलीय असं मी सांगितलं तरी ती काडी टोचून बघायची. मला राग यायचा. पण भाकरी कच्ची निघाली की गप्प बसावं लागायचं.

कोलखोज मोडल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. उन्हाळाभर आम्ही जनावरं घेऊन डोंगरातल्या कुरणावर तंबूत राहायचो. त्या उन्हाळ्यात आमच्या सासऱ्यांची दृष्टी जात होती, आणि आम्ही सगळे मिळून बल्ब बदलत होतो.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांचं नाव मी अजूनही घेत नाही, तेव्हा इथेही मिळणार नाही. आमच्यात सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्याकडे पाठ करायची नाही, तोंड वर करून त्यांच्याकडे बघायचं नाही, आणि धाकट्या सुनेनं तर त्यांच्याशी थेट बोलायचंही नाही. तंबूत दारासमोर, अगदी आतल्या बाजूला मानाची बैठक असते. तिला आम्ही तोर म्हणतो. तिथे घरातला वडील माणूस बसतो किंवा पाहुणा. सून दाराशी, चुलीपाशी. पाव्हण्यांपुढे मटण येतं तेव्हाही कोणतं हाड कोणाला हे ठरलेलं असतं, आणि पहिलं हाड तोरावर जातं. हे कोणी शिकवत नाही. अंगात मुरलेलं असतं.

पूर्वी उन्हाळी कुरणावर सरकारी जनरेटर यायचा. तो गेला. रॉकेल मिळेनासं झालं. मग बुर्माकाननं बंद पडलेल्या ट्रकची बारा व्होल्टची बॅटरी खालच्या गावात चार्ज करून वर आणवली आणि दाराशी, खोगिरांच्या शेजारी ठेवली. तिच्याकडे मोटरसायकलचे बल्ब होते, सहा व्होल्टचे. एक बल्ब बारा व्होल्टला लावला तर फट्कन उडेल, म्हणून तिनं दोन बल्ब एकाच तारेत एकामागून एक ओवले. बॅटरीतून तार निघाली ती चुलीवरच्या बल्बाकडे, तिथून तोरावरच्या बल्बाकडे, आणि तिथून परत बॅटरीकडे. दोघांत बारा व्होल्ट निम्मे निम्मे. उजेड बेताचा होता, पण एक बॅटरी तीन आठवडे पुरायची. आजूबाजूच्या तंबूंतली माणसं बघायला आली. महिन्याभरात कुरणावरच्या प्रत्येक तंबूत तिनं अशीच जोडणी करून दिली. बदल्यात कोणी लोणी दिलं, कोणी सुकवलेलं दही.

मग एके संध्याकाळी आबांनी चहाची वाटी खाली ठेवली आणि मान वर केली.

"थोरली, माझ्या डोक्यावरचा बल्ब आजारी आहे का?"

चुलीपाशी बुर्माकान मान खाली घालून माझ्याकडे वळली. "एजे, आबांना सांगा, दोन्ही बल्ब एकाच खोक्यातले आहेत."

एजे म्हणजे ताई. मी आबांना सांगितलं, "आबा, दोन्ही एकाच खोक्यातले आहेत म्हणते."

"ऐकलं. मी बहिरा नाही," आबा म्हणाले. "तिला विचार, बॅटरी कुठेय? दाराशी. तार आधी कुठे जाते? चुलीवर. मग माझ्याकडे. म्हणजे चुलीनं खाऊन जे उरतं ते मला. या घरात मटण असंच वाटतात का?"

"एजे, सांगा, वीज वाटेत खाल्ली जात नाही. बॅटरीतून जेवढी निघते तेवढीच चुलीवरच्या बल्बातून जाते, तेवढीच आबांच्या बल्बातून, आणि तेवढीच परत बॅटरीत जाते. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही."

"परत जाते?" आबांनी दाढीवरून हात फिरवला. "मग संपतं काय? सागिन ते मेलेलं खोकं घोड्यावर लादून खाली नेतो ते कशाला, हवा खायला?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडला होता. बुर्माकाननं पिठाचे हात झटकले.

"एजे, गावच्या ओढ्यावर दोन पाणचक्क्या होत्या ना, वरची आणि खालची? वरची चक्की पाणी पिऊन टाकत नाही. तेच पाणी खालच्या चक्कीला मिळतं. खर्च होतो तो उतार. बॅटरी म्हणजे उतार. दोन बल्बांनी तो वाटून घेतलाय. पाणी तेवढंच राहतं, उतार वापरून संपतो. संपला की पाणी जागचं हलत नाही."

मी हे सगळं आबांना पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानं थांबवलं.

"खालच्या चक्कीचा मालक जन्मभर कुरकुरत होता," ते म्हणाले. "माझा मामाच तो."

दुसऱ्या दिवशी बुर्माकाननं बॅटरीवरच्या दोन्ही तारा काढून उलट्या लावल्या. वीज बॅटरीच्या अधिक खुणेच्या खुंटीतून निघते असं धरतात. ती आता आधी तोरावर जाणार आणि मग चुलीवर येणार. आबा संध्याकाळी बसले, वर बघितलं आणि म्हणाले, "हां. आता बरा आहे."

आम्ही दोघी बाहेर घोड्यांच्या दोराशी जाऊन पोट धरून हसलो. "काडीचा फरक पडलेला नाही, एजे," बुर्माकान डोळे पुसत म्हणाली. पण गोष्ट तंबूतंबूंत पसरली, आणि ती कोणाला हसण्यावारी नेण्यासारखी वाटली नाही. प्रत्येक तंबूतल्या म्हाताऱ्याला आपली वीज आधी चुलीवर जाते हे अचानक लक्षात आलं. दोन दिवस बुर्माकान पक्कड घेऊन तंबूतंबूंत तारा उलटवत फिरत होती. घर असो की कुरण, मान आधी तोराला, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. बल्ब अंधुक दिसतो म्हणजे म्हाताऱ्याचा मान कमी पडला, एवढंच आमच्या डोक्यात आलं. दुसरं काही येऊच शकलं नाही.

चार दिवसांनी आबा म्हणाले, "पुन्हा मंदावला."

बुर्माकाननं दोन्ही बल्बांची अदलाबदल केली. मग नवा बल्ब आणला. मग बॅटरीचं तेजाब नळीत ओढून बघितलं, ते ठीक होतं. तारांचे जोड खरवडून पुन्हा पिळले. तपासणीचा बल्ब तिनं जिथे जिथे टेकवला तिथे तिथे तो लागला. आबा म्हणाले, बॅटरी दाराशी आहे, म्हणून असेल. तेव्हा तिनं बॅटरीच उचलून तोराशी नेली, रजयांच्या चळतीशेजारी. मानाच्या जागी ट्रकची बॅटरी. शेजारच्या बायका काहीतरी निमित्त काढून बघायला यायच्या आणि ओठ चावत बाहेर जायच्या. चौथ्या दिवशी तेजाब पाझरलं आणि सासूबाईंनी हातानं शिवलेल्या नमद्याला, म्हणजे लोकरीच्या जाड जाजमाला, मुठीएवढं भोक पडलं. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्यांच्या हातचा तो शेवटचा नमदा होता. त्या दिवशी मी बुर्माकानला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिनं बॅटरी उचलून परत दाराशी ठेवली आणि भोकाला ठिगळ लावत बसली. मला रडू आलं ते नमद्यासाठी, आणि तिचा एवढा पाणउतारा केला त्यासाठी नाही, हेही सांगून टाकते.

आबांची कुरकुर चालूच होती. मधूनमधून ते कुमिसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, वाटी ठेवायला जात आणि ती बैठकीच्या कडेला टेकून लवंडायची. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं. घोड्यावर मात्र ते तसेच ताठ बसायचे आणि रोज संध्याकाळी घोड्या वळवून आणायचे. घोड्याला वाट पाठ होती, हे कोणी लक्षात घेतलं नाही.

शेवटी बुर्माकाननं ट्रकच्या पुढच्या दिव्याचा बल्ब आणवला, पुरा बारा व्होल्टचा. त्याला बॅटरीपासून स्वतंत्र तार दिली, आणि जुने दोन्ही बल्ब एकाच तारेत चुलीवर टांगले. आता आबांची वीज चुलीच्या बल्बांतून जात नव्हती. बॅटरीतून निघून थेट त्यांच्याकडे आणि तिथून थेट परत. अख्खा उतार एकट्याला. तो लागला तेव्हा तंबूतल्या तंबूत आमचे डोळे दिपले. कुरणावरचे झाडून सगळे पतंग आमच्या घरी आले. पण अशा बल्बाला वीजही दांडगी लागते. पूर्वी तीन आठवडे पुरणारी बॅटरी पाच-सहा संध्याकाळींत गळपटायला लागली. सागिन घोड्याच्या एका बाजूला बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला तोलाला धोंडा बांधून सारखा खाली-वर करायचा.

"माझं लग्न तुझ्याशी झालंय की बॅटरीशी?" एकदा त्यानं तिला विचारलं.

"बॅटरी कुरकुर करत नाही," ती म्हणाली.

आणि एवढं सगळं झाल्यावर आबा तोरावर बसले, त्या डोळे फोडणाऱ्या उजेडाखाली, आणि हळूच म्हणाले, "थोडा अजून हवा होता."

बुर्माकान तेव्हा चिडली नाही, तिचा चेहरा उतरला. अख्ख्या कुरणाला उजेड देणारी बाई, आणि स्वतःच्या सासऱ्याचा एक बल्ब तिला दुरुस्त होत नव्हता. दुसऱ्या दिवशी दूध तापवताना ती मला म्हणाली, "एजे, बॅटरी बघितली, तार बघितली, बल्ब बघितला. फक्त एका जागेवरून तो बल्ब मी कधी बघितलेला नाही."

"कुठल्या?"

"त्याच्या खालून."

"तोरावर बसणार तू? मेलीस तू, आणि मलाही घेऊन मरशील."

"आबा घोड्या आणायला गेले की पाच मिनिटं."

मी नको म्हटलं. ती गेलीच. दिवस कलला होता. बाहेर शिंगरं दोराला बांधलेली, आबा टेकडीपलीकडे, सागिन दूध काढायच्या तयारीत. तिनं बल्ब लावला आणि तोरावर मांडी घालून बसली. मी दाराशी उभी होते. मांडीवरची ओढणी तिनं सारखी केली, सुई काढली, काळा दोरा काढला आणि पहिल्या झटक्यात ओवला.

"एजे," ती म्हणाली, "इथे मुंगीचे पाय मोजता येतील."

तेवढ्यात कुत्रं भुंकलं. टापा वाजल्या. आबा त्या दिवशी लवकर आले होते. मी हातानं उठ, उठ अशी खूण केली. ती उठायला गेली आणि काय मनात आलं कोण जाणे, पुन्हा तशीच बसली.

आबा आत आले. चाबूक खुंटीला अडकवला. चाचपून अडकवला, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग ते तोराकडे चालू लागले. मी डोळे मिटून घेतले. आता आभाळ कोसळणार, एवढंच मला कळत होतं. पण काही कोसळलं नाही. डोळे उघडले तर आबा तिच्यापासून तीन पावलांवर थांबलेले, त्या बल्बाच्या पुऱ्या उजेडात. तिच्या डोक्याला लाल रुमाल होता. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि किंचित वाकले.

"सलाम," ते म्हणाले. "कुठून आलात, पाहुणे? घरच्यांनी चहा दिला की नाही?"

बुर्माकानच्या हातातली सुई खाली पडली. ती त्यांच्याकडे बघत होती, तोंड वर करून, सरळ.

"आबा, मी आहे," ती म्हणाली. "बुर्माकान."

आबांचा हात छातीवरच राहिला.

"बल्बाला काही झालेलं नाही, आबा. कधीच झालेलं नव्हतं. तुमचे डोळे जाताहेत."

त्या घरात धाकट्या सुनेनं सासऱ्याला थेट सांगितलेलं ते पहिलं वाक्य. मी तोंडावर हात ठेवला. आबा तिथेच, तोरापर्यंत न जाता, बाजूला खाली बसले. सून वर आणि सासरा खाली, असे दोघं बसले होते.

"हळू बोल," ते म्हणाले. "बाहेर सागिन आहे."

"कधीपासून?"

"बर्फ वितळायच्या आधीपासून. उजवा आधी गेला. आता डाव्यानंही कडेचं दिसत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत होतो की," आबा म्हणाले. "रोज बोलत होतो. अंधार आहे, अंधार आहे, म्हणून सांगत होतो."

बुर्माकान रडली. मीही रडले. थोड्या वेळानं आबा म्हणाले की चहा असेल तर द्या.

तिसऱ्या दिवशी कुमिस न्यायला येणाऱ्या ट्रकमधून आम्ही त्यांना नारिनला, शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीण बाईंनी यंत्रातून दोन्ही डोळे बघितले. काचबिंदू, म्हणाल्या. डोळ्यात दाब वाढतो आणि आतली शीर मरते. उजवा गेलेला होता. डाव्यातलं जे उरलंय ते थेंब घालून राखता येईल, पण गेलेलं परत येणार नाही.

"वसंतात आणलं असतं तर?" बुर्माकाननं विचारलं.

"तर बरंच वाचलं असतं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. विचारलं म्हणून सांगितलं.

परतीच्या वाटेवर ट्रक चहासाठी थांबला. बुर्माकाननं चहाला हात लावला नाही. आबा तिच्या दिशेनं वळले. आता ते डोकं थोडं जास्त वळवून बघायचे, म्हणजे समोरचं माणूस त्या उरलेल्या नजरेत यायचं.

"धाकटी, मी तुझ्याकडे बल्ब मागितला, तू बल्ब दिलास. यात तुझी चूक कुठे?"

"सगळं तपासलं मी, आबा. बघणाऱ्याला तेवढं तपासलं नाही."

"बघणाऱ्यानं तपासू दिलं असतं का तुला?" आबा म्हणाले. "चहा पी. गार होतोय."

तिनं चहा प्यायला. पण ते तिच्या मनातून गेलं नाही, आजही गेलेलं नाही. कुरणावर कोणाचा बल्ब मंद झाला म्हणून बोलावणं आलं की ती आता आधी त्या माणसासमोर चार बोटं धरते आणि किती दिसतात विचारते. लोक हसतात. एकदा एका म्हातारीला तीनच दिसली, आणि तिला वेळेवर खाली नेलं गेलं.

थेंब दिवसातून तीनदा घालायचे होते. सागिननं पहिल्या दिवशी घातले ते निम्मे दाढीत गेले. माझे यजमान खाली गवत कापायला गेलेले. मग बुर्माकाननं बाटली हातात घेतली. आबा मान मागे टाकून बसायचे. ती त्यांची हनुवटी धरायची, पापणी खाली ओढायची आणि थेंब सोडायची. शेजारणीनं पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ती दारातूनच मागे फिरली. सुनेनं सासऱ्याची हनुवटी धरलेली तिच्या सात पिढ्यांत कोणी बघितली नसेल. मी म्हटलं, मी हे करणार नाही. मला जमणार नाही. बुर्माकान म्हणाली, नका करू, एजे, मी आहे.

पण उन्हाळा संपत आला, सागिनही गवतावर गेला, आणि बॅटरी घेऊन बुर्माकानलाच खाली जावं लागलं. जाताना तिनं बाटली माझ्या हातात दिली. दुपारपर्यंत मी ती रुमालात गुंडाळून हिंडत होते. शेवटी आबाच म्हणाले, "थोरली, वेळ झाली असेल."

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांनी मान मागे टाकली. हनुवटी धरायला माझा हात पुढे होईना, मग झाला. त्यांची दाढी मऊ होती. पापणी खाली ओढली. डोळ्यात थेंब घालायचा तर डोळ्यात बघावंच लागतं, दुसरा इलाज नाही. मी बघितलं.

त्यांचे डोळे घारे होते. एकोणीस वर्षं मी त्या माणसाला सकाळ-संध्याकाळ चहा देत होते, आणि मला ते माहीत नव्हतं. एक डोळा गेलेला, एक अर्धा उरलेला, तेव्हा कुठे मी ते बघितले.

"काय बघतेस, थोरली?" आबांनी विचारलं.

"काही नाही, आबा."

"मग घाल. मान दुखतेय."

मी थेंब घातला.